गूगल क्लाउड व्हिजन आणि पायथन : प्रोग्रॅम नीट चालतो, पण उत्तर रिकामे येते

गूगल क्लाउड व्हिजन ही चित्रातला मजकूर, वस्तू आणि चेहरे ओळखणारी गूगलची ऑनलाइन सेवा. पायथनच्या क्लायंट लायब्ररीतून (सेवेशी बोलणाऱ्या तयार पॅकेजमधून) ती वापरणाऱ्यांकडून माझ्याकडे सर्वाधिक वेळा येणारी तक्रार एकच असते. प्रोग्रॅम कोणतीही कुरकुर न करता शेवटपर्यंत चालतो, पण चित्रातला मजकूर, वस्तू किंवा चेहरे यांपैकी काहीच हाती लागत नाही. बहुतेक जण अशा वेळी थेट ‘या सेवेला आमची चित्रे वाचता येत नाहीत’ या निष्कर्षावर येतात. माझा अनुभव वेगळा आहे. रिकामे उत्तर हा एक बिघाड नसून अनेक बिघाडांचा सारखाच दिसणारा चेहरा असतो, आणि त्यांतले बहुतेक बिघाड चित्र सेवेपर्यंत पोचण्यापूर्वीच झालेले असतात.

खाली वर्ग, गुणधर्म आणि त्रुटींची नावे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत येतील.

लक्षणे

- त्रुटीचा कोणताही संदेश न येता रिकामी यादी परत येते, आणि त्याच चित्रातला मजकूर डोळ्यांना मात्र स्पष्ट वाचता येतो.
- काही चित्रे वाचली जातात आणि काही नाहीत. न वाचली जाणारी चित्रे बहुधा एकाच फोनवरून किंवा एकाच संकेतस्थळावरून आलेली असतात.
- टर्मिनलमध्ये हाताने चालवल्यास उत्तर येते, पण तोच प्रोग्रॅम रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) चालला की हाती काही येत नाही.
- चित्र वेबपत्त्याने पाठवले की कधी उत्तर मिळते, कधी मिळत नाही.
- मराठी मजकूर अर्धवट येतो किंवा भलत्याच लिपीतली अक्षरे येतात.
- उत्तर रिकामेही येत नाही आणि भरलेलेही नाही. प्रोग्रॅम नुसता अडकून राहतो.

तपासणीला लागण्यापूर्वी एक चित्र निवडावे आणि शेवटपर्यंत त्याच्यावरच काम करावे. स्वच्छ छापील मजकुराचा स्क्रीनशॉट पीएनजी स्वरूपात जतन केला, तर तो या कामाला उत्तम. संपूर्ण संच पुन्हा पुन्हा चालवू नये, कारण या सेवेत एका चित्रावर मागितलेली प्रत्येक क्षमता (मजकूर वाचणे, चेहरे शोधणे असे एकेक काम) हे एक युनिट मानले जाते आणि दरमहा प्रत्येक क्षमतेची पहिली १,००० युनिटेच मोफत असतात. हजारो चित्रांच्या संचावर चाचण्या घेत बसल्यास बिघाड सापडण्याआधी बिल येईल.

१. स्वतःच्याच प्रोग्रॅमने त्रुटी गिळली आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत, म्हणून ती पहिली. सेवेला विचारणा करणाऱ्या ओळीभोवती ट्राय-एक्सेप्ट (त्रुटी आली तरी प्रोग्रॅम कोसळू न देणारी पायथनची रचना) आहे का, आणि एक्सेप्टच्या भागात नुसते ‘पास’ किंवा रिकामी यादी परत करणारी ओळ आहे का, ते पाहावे. असल्यास तो सगळा भाग तात्पुरता काढून टाकावा आणि प्रोग्रॅमला मोकळेपणाने कोसळू द्यावे. एका खराब चित्रामुळे सगळे काम थांबू नये या चांगल्या हेतूने लिहिलेला हा भाग परवानगी नाकारली जाणे, नेटवर्क तुटणे, लायब्ररीची आवृत्ती न जुळणे अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या सगळ्या त्रुटींना एकाच रिकाम्या यादीचे रूप देतो. तो काढल्यावर जो संदेश दिसेल तो बहुतेक वेळा पुढचा रस्ता स्वतःच सांगतो.

संदेशात ‘व्हिजन’ मॉड्यूलमध्ये ‘टाइप्स’ किंवा ‘एनम्स’ नाही असे म्हटले असेल, तर प्रोग्रॅम जुन्या उदाहरणावरून लिहिलेला आहे. २०२० साली आलेल्या २.० आवृत्तीने ही दोन्ही उपमॉड्यूले काढून टाकली आणि ‘व्हिजन.टाइप्स.इमेज’ची जागा ‘व्हिजन.इमेज’ने घेतली. जुनी आवृत्ती शोधून बसवण्यापेक्षा त्या दोन-चार ओळी बदलणे शहाणपणाचे आहे.

२. उत्तराच्या आत ठेवलेली त्रुटी पाहिली आहे का?

संपूर्ण लेखातली एकच तपासणी करायची असेल, तर ही करावी. व्हिजनची विचारणा मुळात एका फेरीत अनेक चित्रे नेण्यासाठी आखलेली आहे. एका विनंतीत १६ पर्यंत चित्रे पाठवता येतात. त्यांतले एक चित्र खराब निघाले म्हणून उरलेल्यांची उत्तरे वाया जाऊ नयेत, यासाठी त्या एका चित्राची त्रुटी एक्सेप्शन म्हणून, म्हणजे प्रोग्रॅम थांबवणारी त्रुटी म्हणून, फेकली जात नाही. ती त्या चित्राच्या उत्तरातच ‘एरर’ या गुणधर्मात ठेवून परत पाठवली जाते. एकाच चित्रासाठी असलेल्या ‘टेक्स्ट डिटेक्शन’सारख्या सोप्या पद्धतीही आतून त्याच मार्गाने जात असल्यामुळे त्यांनाही हाच नियम लागू होतो. टपालाची पोचपावती मिळाली म्हणजे अर्ज मंजूर झाला असे जसे होत नाही, तसेच एक्सेप्शन आले नाही म्हणजे चित्र वाचले गेले असे होत नाही.

त्यामुळे प्रत्येक विचारणेनंतर ‘रिस्पॉन्स.एरर.मेसेज’ रिकामा आहे की नाही हे तपासावे, आणि तो रिकामा नसेल तर संदेश व त्यासोबतचा संकेतांक दोन्ही लॉगमध्ये लिहावेत. संकेतांक ३ असेल तर पाठवलेली सामग्रीच चुकीची आहे. ‘बॅड इमेज डेटा’ हा नेहमीचा संदेश याच गटातला, आणि त्यासाठी तपासणी ४ पाहावी. संकेतांक ७ किंवा १४ आला तर बहुधा दिलेल्या पत्त्यावरून सेवेला चित्र उचलता आलेले नाही. त्यासाठी तपासणी ५ आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवणे फार उपयोगी पडते. ‘पर्मिशन डिनाइड’ हे एक्सेप्शन म्हणून आले, तर तुमच्या खात्याला सेवा वापरण्याची परवानगी नाही. तेच उत्तराच्या आतल्या ‘एरर’मध्ये आले, तर खाते ठीक आहे, पण सेवेला ते चित्र उघडण्याची परवानगी नाही. हा फरक न ओळखल्यामुळे मंडळी भलत्याच ठिकाणच्या परवानग्या बदलत बसलेली मी नेहमी पाहतो.

एरर रिकामा आहे आणि उत्तरही रिकामे आहे, अशी स्थिती असेल तरच सेवेने चित्र पाहिले आणि तिला त्यात काही आढळले नाही, असे म्हणता येते. तसे असल्यास तपासणी ३ करून थेट ६ कडे जावे.

३. जे मागितले तेच वाचले जात आहे का?

लेबल (चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द) मागून मजकुराचा गुणधर्म वाचला, तर पायथन तक्रार करत नाही. उत्तराच्या वस्तूमध्ये सर्व क्षमतांचे गुणधर्म कायम हजर असतात आणि न मागितलेल्या क्षमतेचा गुणधर्म शांतपणे रिकामी यादी देतो. म्हणून विचारणेतली क्षमता आणि वाचलेला गुणधर्म यांची जोडी एकदा डोळ्यांखालून घालावी. मजकुराच्या यादीतला पहिला घटक हा चित्रातला संपूर्ण मजकूर असतो आणि त्यानंतरचे घटक सुटे शब्द असतात, हेही ध्यानात असावे. लेबले केवळ इंग्रजीत येतात. ती मराठी शब्दांच्या यादीशी ताडून पाहणारी गाळणी सगळे गाळून टाकेल यात नवल नाही.

४. सेवेकडे खरोखर चित्रच जात आहे का?

‘बॅड इमेज डेटा’ या संदेशाचे मूळ जवळपास नेहमी येथे सापडते. चित्र संगणकावर उघडते आहे, मग ते खराब कसे, असे लोक विचारतात. प्रश्न फाइल खराब आहे का हा नसून विचारणेच्या क्षणी व्हेरिएबलमध्ये काय आहे हा आहे. म्हणून विचारणेच्या लगेच आधी दोन गोष्टी छापाव्यात : बाइट्सची एकूण लांबी आणि पहिले सोळा बाइट.

लांबी शून्य आली, तर फाइल आधीच वाचून झालेली आहे. वेबवरून आलेली फाइल आकार तपासण्यासाठी एकदा पूर्ण वाचली जाते, वाचनाचा काटा शेवटी जाऊन थांबतो आणि पुढच्या वाचनाला काहीच उरत नाही. रिकामी सामग्री आणि न पाठवलेली सामग्री यांत सेवेला फरक दिसत नाही. पिलो या चित्रे हाताळणाऱ्या लायब्ररीने फक्त शीर्षभाग वाचला असेल, तर याहून फसवी स्थिती उद्भवते, कारण तेव्हा लांबी शून्य नसते, पण चित्राचे सुरुवातीचे बाइट गायब असतात. दोन्हींवर उपाय एकच आहे : पाठवण्यापूर्वी ‘सीक’ने काटा पुन्हा शून्यावर आणावा.

लांबी शून्य नसेल तर सुरुवातीचे बाइट पाहावेत. खरे जेपीईजी चित्र एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनी सुरू होते. पीएनजीच्या दुसऱ्या ते चौथ्या बाइटात पी, एन, जी ही अक्षरे असतात. त्याऐवजी पुढीलपैकी काही दिसू शकते.

सुरुवात ‘स्लॅश, ९, जे, स्लॅश’ अशी असेल, तर जेपीईजी चित्राचे बेस६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) रूपांतर झालेले आहे. हे रूपांतर जेसॉन या मजकूर-स्वरूपातून थेट (रेस्ट पद्धतीने) विचारणा करताना आवश्यक असते, कारण जेसॉनमध्ये कच्चे बाइट ठेवता येत नाहीत. पायथनच्या क्लायंट लायब्ररीला मात्र कच्चे बाइटच हवे असतात. रेस्ट पद्धतीचे उदाहरण पाहून ती ओळ उचललेली असते, आणि बेस६४चे फलितही पायथनमध्ये बाइट्सच असल्यामुळे टाइपची त्रुटी येत नाही. ती ओळ काढून टाकावी.

पाचव्या ते आठव्या बाइटात एफ, टी, वाय, पी ही अक्षरे असतील, तर फाइल बहुधा आयफोनची एचईआयसी आहे, मग तिच्या नावाचा शेवट जेपीजी असो वा काहीही. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन मूळ फोटो याच स्वरूपात साठवतो आणि व्हिजनने स्वीकारायच्या स्वरूपांच्या यादीत ते नाही. ‘एकाच माणसाचे फोटो वाचले जात नाहीत’ या तक्रारीचे उत्तर बहुतांशी हेच असते. पिलो-हाइफ हे पॅकेज बसवून चित्र जेपीईजीमध्ये बदलावे; नुसते नाव बदलून काही होत नाही.

सुरुवातीला एचटीएमएलची खूण दिसली, तर चित्राऐवजी कुठल्यातरी संकेतस्थळाचे लॉगिनचे पान उतरवले गेले आहे.

सुरुवातीच्या बाइटांत कोणतीच ओळखीची खूण नसेल आणि लांबी मात्र रुंदी गुणिले उंची गुणिले ३ इतकी नेमकी भरत असेल, उदाहरणार्थ १२८० गुणिले ७२० आकाराच्या चित्राची २७,६४,८००, तर ते कच्चे पिक्सेल आहेत. ओपनसीव्ही या दुसऱ्या चित्र-लायब्ररीच्या किंवा पिलोच्या चित्रावर ‘टूबाइट्स’ चालवले की जेपीईजी मिळत नाही, उघडे रंगमूल्यांचे आकडे मिळतात. ओपनसीव्हीत ‘इमएनकोड’ वापरावे. पिलोत ‘बाइट्सआयओ’मध्ये जेपीईजी म्हणून जतन करून ते बाइट पाठवावेत.

आकाराची मर्यादाही येथेच पाहून घ्यावी. एका चित्राच्या फाइलला २० एमबी आणि जेसॉन विनंतीला १० एमबी अशा मर्यादा आहेत. बेस६४ मुळे आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढत असल्याने रेस्टमार्गे जाणाऱ्या मोठ्या स्कॅनना दुसरी मर्यादा आधी नडते.

५. चित्र पत्त्याने पाठवले आहे का?

बाहेरच्या संकेतस्थळाचा पत्ता देऊन चित्र वाचून घेण्याची सोय चाचणीपुरती ठीक आहे. ज्या सर्व्हरवर ते चित्र आहे तो सर्व्हर सेवेची मागणी नाकारू शकतो, मंदावू शकतो किंवा तिला यंत्रमानव समजून अडवू शकतो, आणि त्यावर आपला काहीही ताबा नसतो. चित्र आपल्याकडे उतरवून बाइट्स पाठवावेत किंवा ते क्लाउड स्टोरेजमध्ये ठेवावे. याबाबतीत पुन्हा प्रयत्न करणारे चक्र लिहिण्यात मला अर्थ वाटत नाही.

६. चित्र नीट गेले, त्रुटीही नाही, तरीही काही सापडत नाही

आता प्रश्न खरोखर चित्राचा आहे. बहुतेक क्षमतांसाठी किमान ६४० गुणिले ४८० आणि मजकुरासाठी १०२४ गुणिले ७६८ पिक्सेल इतका आकार सेवेच्या मार्गदर्शिकेत सुचवलेला आहे. निरोपांच्या ॲपमधून चार वेळा पुढे ढकललेला फोटो बऱ्याचदा याहून लहान झालेला असतो. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि उकार हे शिरोरेषेच्या वर-खाली अगदी थोड्या जागेत बसतात, त्यामुळे आकार घटल्याचा फटका त्यांना सर्वांत आधी बसतो. म्हणून मूळ फोटो मागवावा.

एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, ते असे. पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीवर काळी अक्षरे असतील आणि आकार कमी करण्याच्या नादात ते चित्र पिलोने थेट आरजीबीत बदलले असेल, तर पारदर्शक भागाखाली दडलेला रंग, जो बहुधा काळा असतो, उघडा पडतो आणि काळ्यावर काळी अक्षरे उरतात. सेवेकडे पाठवलेले अंतिम चित्र डिस्कवर जतन करून एकदा स्वतः उघडून पाहावे. मूळ फाइल पाहणे पुरेसे नाही. आधी पांढऱ्या पार्श्वभूमीवर चित्र चिकटवून मग रूपांतर केले की हा दोष जातो. फोनवरच्या फोटोंसाठी पिलोचे ‘एक्झिफ ट्रान्सपोज’ही पाठवण्यापूर्वी चालवावे, म्हणजे आपण पाहतो ते आडवे-उभेपण आणि बाइट्समधले आडवे-उभेपण एकच राहील. मिळालेल्या चौकटींनुसार चित्र कापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे विशेष महत्त्वाचे ठरते.

मजकूर वाचण्याच्या दोन क्षमता आहेत. दुकानाची पाटी किंवा वाहनावरची अक्षरे यांसाठी ‘टेक्स्ट डिटेक्शन’ योग्य. सातबारा, परिपत्रक किंवा पुस्तकाचे पान अशा दाट मजकुरासाठी ‘डॉक्युमेंट टेक्स्ट डिटेक्शन’ वापरावे. भाषेची सूचना शक्यतो देऊ नये, कारण भाषा आपोआप ओळखली जाते आणि चुकीची सूचना फायद्यापेक्षा तोटाच अधिक करते. देवनागरीऐवजी दुसऱ्या लिपीची अक्षरे येत असतील तरच ‘इमेज कॉन्टेक्स्ट’मध्ये मराठीचा दोन अक्षरी संकेत, एमआर, द्यावा. एमएआर हा तीन अक्षरी संकेत टेसेरॅक्ट या दुसऱ्या मजकूर-वाचक प्रोग्रॅमचा आहे. तो येथे देऊ नये.

७. हाताने चालते, क्रॉनमधून चालत नाही

लायब्ररी ओळखपत्रे ठरलेल्या क्रमाने शोधते : आधी ‘गूगल ॲप्लिकेशन क्रेडेन्शियल्स’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मग जीक्लाउडच्या आज्ञेने साठवलेली वापरकर्त्याची ओळखपत्रे, आणि शेवटी ज्या क्लाउड मशिनवर प्रोग्रॅम चालतो तिला जोडलेले सर्व्हिस अकाउंट. टर्मिनल उघडताना तुमची शेलची फाइल वाचली जाते, क्रॉन ती वाचत नाही. त्यामुळे पहिला व्हेरिएबल तेथे नसतोच. तो क्रॉनच्या किंवा सिस्टिमडीच्या नोंदीत स्वतंत्रपणे लिहावा आणि की फाइलचा (ओळखपत्र असलेल्या फाइलचा) मार्ग पूर्ण द्यावा, कारण अर्धवट मार्गाचा अर्थ चालू फोल्डरनुसार बदलतो.

ओळखपत्र सापडूनही परवानगी नाकारली जात असेल, तर संदेश पूर्ण वाचावा. त्यात प्रकल्पावर व्हिजन एपीआय सुरू केलेला नाही की बिलिंग जोडलेले नाही, हे स्पष्ट लिहिलेले असते. एपीआय नुकताच सुरू केला असेल तर काही मिनिटे थांबावे. टोकन अवैध असल्याचा संदेश आला तर आधी मशिनचे घड्याळ पाहावे. टोकनवर वेळ कोरलेली असते आणि मागे पडलेले घड्याळ चांगल्या ओळखपत्रालाही निकामी करते. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांत स्वतंत्र घड्याळ नसल्यामुळे तेथे हे हमखास घडते.

८. प्रोग्रॅम अडकून राहतो

ही तपासणी शेवटी ठेवली आहे, कारण तिला वेळ लागतो आणि अनेकदा दुसऱ्याची मदतही. लायब्ररी सेवेशी मुळात जीआरपीसी या संपर्कपद्धतीवरून बोलते. गनिकॉर्न या वेब सर्व्हरमध्ये ‘प्रीलोड’ चालू असेल किंवा मल्टिप्रोसेसिंग वापरले असेल, आणि क्लायंट मूळ प्रक्रियेत तयार करून मग प्रक्रिया दुभंगली असेल, तर उपप्रक्रियेतली विचारणा कायमची थिजू शकते. क्लायंट प्रत्येक उपप्रक्रियेच्या आत तयार करावा आणि प्रत्येक विचारणेला ‘टाइमआउट’ द्यावा, म्हणजे निदान त्रुटी तरी दिसेल.

कार्यालयातल्या प्रॉक्सीमागे (इंटरनेटची ये-जा स्वतःमधून नेणाऱ्या सर्व्हरमागे) ५०३ किंवा कोणत्याही पत्त्याशी जोडणी न झाल्याचा संदेश येत असेल, तर क्लायंट तयार करताना ‘ट्रान्सपोर्ट’ला ‘रेस्ट’ हे मूल्य देऊन पाहावे. त्याने काम झाले तर दोष मधल्या प्रॉक्सीने जीआरपीसी अडवण्यात आहे.

कोठे थांबावे

की फाइल चुकून सार्वजनिक रिपॉझिटरीत गेली असल्याचे तपासताना लक्षात आले, तर बाकीची तपासणी तेथेच थांबवावी. ती की तत्काळ बंद करून सुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला कळवावे. फाइल नुसती पुसून उपयोग नसतो, कारण ती गिटच्या इतिहासात राहतेच.

बिलिंग खाते किंवा संस्थेचे धोरण आडवे येत असेल, तर प्रकल्पाच्या प्रशासकाकडे जावे. प्रॉक्सी प्रमाणपत्रे बदलत असेल तर नेटवर्क प्रशासकाला बोलवावे. टीएलएसची, म्हणजे जोडणीच्या सुरक्षेची, पडताळणी बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये.

जुन्या दप्तरातले कागद मोडी लिपीत असतील, तर वरचा कोणताही उपाय लागू होत नाही. ते मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडूनच वाचून घ्यावेत, आणि कागद जमिनीच्या वादातला असेल तर वकिलाच्या सल्ल्यानेच.

सर्व तपासण्या करूनही ओळखीच्या साध्या चित्रावर उत्तर रिकामे येत राहिले, किंवा उत्तरात संकेतांक १३, म्हणजे सेवेतलाच अंतर्गत दोष, वारंवार येत राहिला, तर सेवेच्या अधिकृत मदत कक्षाकडे तक्रार नोंदवावी. तिच्यासोबत प्रकल्पाचा आयडी, विचारणेची वेळ टाइमझोनसह, लायब्ररीची आणि पायथनची आवृत्ती, पूर्ण संदेश व संकेतांक, आणि ते एक चित्र द्यावे. चित्रात कोणाचा आधार क्रमांक किंवा चेहरा असेल तर त्याऐवजी तीच अडचण दाखवणारे दुसरे चित्र तयार करून पाठवावे, आणि की फाइल कोणी मागितली तरी जोडू नये.